सत्ताविसाव्या प्रश्नाचं उत्तर

बाभुळगावच्या बसस्टँडवर धर्मपाल मुनेश्वरला गाठून "कवा जाता मंग?" असं विचारणाऱ्यांची यादी करायची म्हटली, तर अर्धी मतदारयादी उतरवून काढावी लागेल. पानवाला विचारायचा, सलूनवाला विचारायचा, ज्यांचा समुद्राशी संबंध फक्त जेवणातल्या मिठापुरता तेही विचारायचे. पहिले दोन महिने धर्मपालनं "जाऊ जी" म्हणून हसून दाखवलं. पुढचे चार महिने नुसतंच हसला. सातव्या महिन्यात त्यानं बसस्टँडचा रस्ताच सोडला आणि भाजीसुद्धा मागच्या गल्लीनं जाऊन आणायला लागला. अठरा वर्षांत हा माणूस इतके दिवस कधी घरी राहिला नव्हता. सहा-आठ महिने जहाजावर, तीन महिने बाभुळगावात, अशी त्याची घडी बसलेली होती. आता ती घडी मोडली होती, आणि कोणी मोडली म्हणून विचारावं तर समोर माणूसच नव्हता.

धर्मपाल जहाजावर फिटर होता. फिटर म्हणजे काय हे गावात कोणाला नीट माहीत नाही, त्यामुळे एकदा सांगून टाकतो. भर समुद्रात दुकान नसतं. पाईप फुटला, बोल्ट तुटला, पंप बसला, तर ते जहाजावरच वेल्डिंग करून, लेथवर नवा भाग काढून दुरुस्त करणारा एक माणूस लागतो. तो फिटर. यवतमाळच्या आयटीआयमधून निघालेला हा मुलगा आधी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, मग मुंबईच्या गोदीत आणि तिथून जहाजावर गेला. लग्न झालं, मुलगी झाली, ती नर्सिंगला नागपूरला गेली, घरावर स्लॅब पडला. हे सगळं त्यानं सुट्ट्यांमध्ये पाहिलं.

हातात कसब होतंच, पण त्याची खरी मिळकत म्हणजे कान. तो बापाकडून आलेला. बाप ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या पंपावर ऑपरेटर होता, आणि जेवताना लांबच्या पंपाचा आवाज जरा बदलला की त्याचा घासाचा हात मध्येच थांबायचा. धर्मपालनं तेच जहाजावर नेलं. इंजिनरूममध्ये वीस यंत्रं एकदम ओरडत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. धर्मपाल लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक यंत्राला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. डोळे मिटणं महत्त्वाचं. तो म्हणायचा, डोळे उघडे असले की सगळे आवाज एकात एक कालवतात, मिटले की तांदळातल्या खड्यासारखा वाईट आवाज वेगळा पडतो. मोठमोठे इंजिनीअर बाजूला उभे राहून या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत थांबलेले आहेत.

मग समुद्रावरचा धंदाच बदलायला लागला. आधी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा सुएझचा जवळचा रस्ता सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायची पाळी आली. आठ महिन्यांचा करार अकरा महिन्यांवर गेला. मग जहाजांचा धूर मोजायला लागले. धर्मपालच्या जहाजाला धुराच्या परीक्षेत सगळ्यात खालचा वर्ग मिळाला आणि कंपनीनं ते मोडीत काढलं. जहाजं मोडतात त्या अलंगच्या किनाऱ्यावर ते चिखलात घुसवतानाचा व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकला. धर्मपालनं तो एकदाच पाहिला. इंजिन शेवटपर्यंत झकास चाललं होतं, एवढंच तो म्हणाला.

नवी जहाजं आली ती मेथॅनॉलवर चालणारी. हे एक प्रकारचं अल्कोहोल. धूर कमी, पण पोटात गेलं तर विष, आणि पेटलं तर दिवसाउजेडी त्याची ज्वाळा डोळ्याला दिसत नाही. म्हणून त्या इंधनाचा पंप वेगळ्या बंद खोलीत. खोलीत माणसानं जायचं नाही. सेन्सर ऐकणार, सेन्सर सांगणार. आधीच्या जहाजांवर चोवीस माणसं असायची, या जहाजांवर एकोणीसच ठेवली. कंपनीनं फिटर ठेवला, पण अट घातली. पनवेलला पाच दिवसांचा कोर्स करायचा आणि मग घरी बसून कॉम्प्युटरवर एक परीक्षा द्यायची. पस्तीस प्रश्न. पंचवीस बरोबर आले तर पास. संधी दोन. दोन्ही गेल्या की नाव यादीतून कायमचं कमी. आणि चव्वेचाळीस वर्षांच्या फिटरला दुसरी कंपनी नव्यानं घेत नाही, हे कोणी लिहून दिलेलं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे समुद्र राहतो की सुटतो, ते त्या पस्तीस प्रश्नांवर.

कोर्स झाला. परीक्षेच्या तारखेची वाट बघण्यात डिसेंबर आला. एक दिवस यवतमाळ रोडवरच्या जिनिंगमधून शेठचा फोन आला. चोवीस मशीन चालू होती, कुठंतरी काहीतरी खडखडत होतं, आणि नेमकं कुठं ते कोणालाच सापडत नव्हतं. कापसाचा हंगाम भरात, सगळं बंद करून बघत बसायला वेळ नाही. धर्मपाल गेला. पेचकस एकेका मशीनला टेकवत, डोळे मिटून उभा राहायला लागला. मजूर हसायला लागले. "भाऊ, झोपले का?" एकानं विचारलंच. चौदाव्या मशीनपाशी धर्मपालनं डोळे उघडले आणि म्हणाला, "याची मागची बेरिंग. आज नाई खोलली तं उद्या शाफ्ट खाईन." खोलून पाहिली तर बेरिंगचा पिंजरा तुटलेला. शेठ म्हणाला, इथंच राहा, कायले समुद्रात जाता? धर्मपालला राग आला. जिनिंग वर्षातले चार महिने चालते, हे शेठ विसरला तरी त्याला विसरून चालणार नव्हतं.

जानेवारीत तारीख मिळाली. रविवार, सकाळी अकरा. परीक्षा घरीच होती, पण पहारा होता. लॅपटॉपचा कॅमेरा सुरू ठेवायचा, खोलीत दुसरं कोणी नको, दुसऱ्याचा आवाज नको, चेहरा चौकटीत पाहिजे, नजर पडद्यावर पाहिजे. ममतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शेजारपाजारच्यांना सांगून ठेवलं, कुकर आधीच लावून घेतला, दार लोटलं. ती अंगणवाडी सेविका असल्यानं कॅमेऱ्याची सवय तिला जास्त. "मले तं रोज पोराइचे चेहरे ॲपले दाखवा लागते," ती म्हणाली. "पोरगं रडलं की ॲप म्हनते हे ते पोरगंच नोहोय."

ममता बाहेर गेली आणि सुरुवातीलाच अडलं. कॅमेऱ्यानं खोली तपासली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: खोलीत एकापेक्षा जास्त व्यक्ती आहेत. धर्मपालनं मागं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. पुन्हा तपासणी, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दारातून डोकावलेल्या ममताच्या लक्षात आलं. मागच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता.

"उतरवू का?" धर्मपालनं विचारलं. वेळ जात होता.

"फोटो उतरवाचा नाई," ममता म्हणाली. "टेबल फिरवा."

दोघांनी टेबल ओढून स्वयंपाकघराच्या भिंतीकडं फिरवलं. मागं आता डब्यांची फळी आली. ममता पुन्हा बाहेर गेली. डबे कॅमेऱ्याला चालले.

परीक्षा सुरू झाली. लेखी प्रश्न त्यानं ओठ हलवत, इंग्रजी मनात मराठी करत सोडवले. मग आवाजाचे प्रश्न आले. पंधरा सेकंद यंत्राचा आवाज ऐकवायचे, बाजूला आलेख दाखवायचे, आणि बिघाड कोणता ते विचारायचे. धर्मपालचा जीव भांड्यात पडला. हे आपलंच काम की! त्यानं हेडफोन दाबून धरला, मान जराशी कलती केली आणि डोळे मिटले. खडा वेगळा पडला. उत्तर दिलं. पुढचा आवाज, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उत्तर. एकही चुकत नव्हतं, हे त्याला आतून कळत होतं. अठराव्या प्रश्नाला त्यानं डोळे उघडले तेव्हा पडदा पांढरा झाला होता. वर लिहिलं होतं: नजर वारंवार पडद्यावरून हटली. वर्तन संशयास्पद. परीक्षा रद्द.

त्यानं दार उघडलं. मग ममताला म्हणाला, "मी कॉपी केली म्हनते."

आयुष्यात या माणसानं कॉपी केली नाही. आयटीआयला पेपर फुटला होता तेव्हाही तो बाहेर चिंचेखाली बसून राहिला होता. आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या कानानं ऐकल्याबद्दल त्याला कॉपीबहाद्दर ठरवलं, आणि ठरवणारं कोण, तर कॅमेऱ्याचं दाण्याएवढं भोक! याचा संताप कोणावर काढायचा? त्यानं लॅपटॉप बंद केला तो इतक्या जोरात की ममता दचकली.

नवी मुंबईत, जहाजांसाठी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या ऑफिसात, संघदीप नावाचा पोरगा होता. नेरचा, आपल्याकडचाच. त्याला फोन लावला.

"जय भीम दादा. पाह्यलं मी. बारा खेप डोळे मिटले तुमी."

"मंग आवाज कसा आयकू?"

"सगळे डोळे उघडे ठेऊनच आयकते ना जी."

"सगळे आयकत नाई म्हून तं फिटर ठेवते, संघदीप!"

संघदीप म्हणाला, मेल करा. धर्मपालनं मेल केला. ममतानं इंग्रजी नीट करून दिलं. लगेच उत्तर आलं: आपला संदेश मिळाला, कृपया या मेलला उत्तर देऊ नका. दुसरा मेल केला. तेच उत्तर. तिसरा केला तेव्हा, नऊ दिवसांनी, जरा लांब उत्तर आलं, की निर्णय यंत्रणेनं आपोआप घेतलेला असल्यामुळं तो बदलण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्याचा निर्णय आहे तो माणूस नाही, आणि जो माणूस आहे त्याला अधिकार नाही. धर्मपालनं ते उत्तर ममताला दोनदा वाचून दाखवायला लावलं. आपल्या इंग्रजीत चूक असेल असं त्याला वाटत होतं. चूक नव्हती.

दुसरी आणि शेवटची संधी फेब्रुवारीत होती. ममतानं सराव घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी ती लाटणं घेऊन त्याच्यासमोर बसायची. मोबाइलवर पंपाचे, मोटारींचे आवाज लावायची. त्याचे डोळे मिटले की लाटणं टेबलावर आपटायची.

"मिटले!"

"मिटले नाई, लवले फक्त."

"कॅमेरा काय तुमचा मेव्हना हाये? उघडे ठेवा."

पहिल्या दिवशी ती हसत होती. चौथ्या दिवशी कोणीच हसेना. डोळे ताठ उघडे ठेवून बसला की धर्मपालच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि कानात काहीच शिरायचं नाही. ऐकू यायचं, पण कळायचं नाही. "पोहता येते त्याले म्हनाचं हात बांधून पोह्य," असं तो चिडून म्हणाला आणि उठून गेला. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. पंधरा दिवसांत त्याला डोळे उघडे ठेवता यायला लागले. आवाज सोडून आलेख बघायचा आणि आलेखावरून उत्तर द्यायचं, एवढं जमलं. हिरवी रेघ म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. हे कोणालाही जमेल. त्याला फिटर कशाला पाहिजे?

या वेळी नेट दगा देऊ नये म्हणून परीक्षा यवतमाळला दिली. ममताचा भाऊ अतुल, त्याचं दारव्हा रोडवर कॉम्प्युटर सेंटर. त्यानं आतली खोली रिकामी करून दिली, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढलं. धर्मपाल बसला तो खिळ्यानं ठोकल्यासारखा. नजर पडद्यावर. लेखी प्रश्न, आलेख, हिरवी रेघ, लाल रेघ. काही उत्तरं चुकतायत हे त्याला कळत होतं, पण खात्री करून घ्यायला डोळे मिटावे लागले असते.

सत्ताविसावा प्रश्न मेथॅनॉलच्या पंपाचा होता. आलेख अख्खा हिरवा. आवाज सुरू झाला आणि धर्मपालच्या मानेवर काटा आला. आत काहीतरी होतं. अगदी बारीक, ठरावीक अंतरानं येणारं. पाच सेकंद, फक्त पाच सेकंद डोळे मिटता आले असते तर सांगता आलं असतं. पापण्या जड झाल्या. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, डोळे फाडून बघणारा, भ्यालेला. आलेख म्हणत होता ठीक. त्यानं 'ठीक' वर खूण केली आणि पुढं गेला.

निकाल जागेवर आला. पस्तीसपैकी पंचवीस. पास, काठावर. अतुल पेढे घेऊन आला. "भाऊजी, आता हसा तरी!" म्हणाला. धर्मपालनं पेढा हातात घेतला आणि तसाच रुमालात बांधला.

परतीच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. बसल्याबसल्या त्यानं डोळे मिटले आणि तो आवाज आपोआप परत आला. एकदा कानात गेलेला यंत्राचा आवाज त्याच्या डोक्यातून जात नाही. आता खडा सरळ वेगळा पडला. बेरिंगच्या बाहेरच्या कड्याला चीर होती. बाभुळगाव येईपर्यंत त्याला शंका राहिली नाही.

घरी त्यानं ममताला सांगितलं. ती म्हणाली, "परीक्षेतला आवाज हाये तो. कोन्या जहाजावर थोडाच वाजून राह्यला?" हे त्याला पटलं. त्या रात्री तो दोन महिन्यांनी पोटभर जेवला.

चार दिवसांनी मुलाखत होती. नुसती औपचारिकता, असं संघदीप म्हणाला होता. व्हिडिओवर थॉमस साहेब आले. केरळचे, तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेले आणि आता ऑफिसात बसून नव्या जहाजांची यंत्रं बघणारे. माणूस चांगला. कागद बघितले, अनुभव विचारला, अभिनंदन केलं. सहा आठवड्यांनी सिंगापूरला जहाजावर चढायचं, असं सांगितलं. मग म्हणाले, "कोई सवाल?"

धर्मपालला न विचारून राहवेना. "साहब, वो सत्ताईस नंबर का आवाज कहाँ का है?"

"अरे, वो तो तुम्हारे ही जहाज का है, जिसपे तुम चढनेवाले हो. फ्यूल पंप. अगस्त में रेकॉर्ड किया, नया जहाज था. वही हमारा नमूना है. ग्यारह जहाजों पे सेन्सर उसी आवाज से मिलाके देखता है, पंप ठीक है कि नहीं."

धर्मपालच्या पायाखालची फरशी सरकली. म्हणजे आजारी पंपाचा आवाज घेऊन तोच निरोगी म्हणून ठरवून टाकला होता. सेन्सर त्या आवाजाला कधीच ओरडणार नव्हता. उलट चांगला पंप आला तर त्यालाच ओरडला असता.

"साहब, वो ठीक नहीं है. बेरिंग जा रहा है. बाहर का रिंग."

थॉमस साहेबांनी कागद बघितला. "लेकिन तुमने तो 'ठीक' लिखा है."

"लिखा साहब. आँख खुली रखके लिखा."

साहेबांना कळेना. धर्मपालनं सगळं सांगितलं, पहिली परीक्षा, कॅमेरा, मिटलेले डोळे, लाटणं. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. तो आवाज त्यांनी तिथंच तीनदा ऐकला. "मेरे को तो नहीं सुनाई देता," ते म्हणाले. "लेकिन मेरा कान अब गया है." मग हळू आवाजात बोलले. "देखो मुनेश्वर. मैंने ये लिखा तो जाँच होगी. जाँच में तुम सही निकले, तो सवाल का जवाब बदलेगा, तुम्हारा लिखा गलत होगा. पच्चीस का चौबीस. तुम फेल. तीसरा चान्स नहीं है, वो मेरे हाथ में नहीं. कल तक सोचके फोन करो."

ममता दारात उभी राहून सगळं ऐकत होती. कॉल बंद झाल्याबरोबर ती आत आली.

"कायले बोलले तुमी?"

"मंग काय करा लागत होतं?"

"गप राहा लागत होतं! जहाजावर चढा, मंग सांगा. तिथं जाऊन दाखवा त्याईले."

हा विचार त्यानंही केला होता. "तिथं कोन आयकते, ममता? पंपाच्या खोलीत फिटरले जाऊ देत नाई. सेन्सर म्हनते ठीक, मी म्हनतो नाई, कोनाचं आयकतीन? अन सहा हप्ते हायेत चढाले. बेरिंग गेली की सील जाते, सील गेलं की इंधन गयते. पेटलं तं दिसत बी नाई. मानूस चालत आत जाईन, त्याले मालूमच नाई पडनार का आपन आगीत चाललो."

"अन तुमची चूक असन तं? साहेबाले बी आयकू नाई आलं."

"माही चूक नाई."

"मंग आपलं काय?" ती ओरडली. "पंधरा दिवस मी लाटनं आपटत बसली, ते कायले? आपलं काय होईन, ते सांगा ना!"

तो अंगणात गेला, परत आला, पाणी प्यायला, पुन्हा अंगणात गेला. त्याला थॉमस साहेबांचा राग आला, संघदीपचा आला, ममताचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या कानाचा आला. बापानं जमीन ठेवली असती तर विकून टाकता आली असती. या कानाचं काय करायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी ममता अंगणवाडीत गेल्यावर त्यानं फोन लावला. ती घरी असती तर जमलं नसतं.

"लिख दीजिए साहब."

"पक्का?"

"लिख दीजिए," तो म्हणाला आणि साहेब आणखी काही बोलायच्या आत फोन ठेवला, कारण आणखी एकदा विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता.

मार्चमध्ये संघदीपचा फोन आला. ममता घरीच होती. धर्मपालनं फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, बंदरात पंप खोलला. बाहेरचं कडंच होतं, चीर गेलती. सीलमधून गयती बी चालू झालती. अकराही जहाजांवरचा नमुन्याचा आवाज बदलला त्याईनं. अन परीक्षेतलं बी उत्तर बदललं. सत्ताविसाव्याचं बरोबर उत्तर आता 'बेरिंगचं बाहेरचं कडं' हाये."

"मंग?"

"मंग... तुमी 'ठीक' लिहेल होतं ना दादा. तुमचे चोवीस झाले. सिस्टीमनं आपोआपच केलं. थॉमस साहेब लय भांडले, खरं सांगतो. पन दोन चान्स झाले म्हनते. नाव निंघालं."

"अरे, ते चुकलं हे कोनी सांगतलं त्याईले?" धर्मपाल एवढ्या मोठ्यानं ओरडला की बाहेर झाडावरची पाखरं उडाली. "कोनी सांगतलं? मीच ना? का तुह्या सिस्टीमनं सांगतलं?"

"तुमीच दादा."

"मंग माहे चोवीस कसे होते?"

हिशोबात कुठंच चूक नव्हती. ठेवतो दादा, जय भीम, म्हणून संघदीपनं फोन ठेवला.

महिनाभर ममता त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. आता तिनं विचारलं, "कितीक लोक हायेत त्या जहाजावर?"

"एकोनीस."

"त्याईले मालूम हाये, तुमी सांगतलं म्हून?"

"नाई. त्याईले कोन सांगते? पंपाची बेरिंग बदलली, इतलंच म्हनलं असन."

"एकाले बी नाई?"

"नाई."

ममता रडायला लागली. दुःखानं नाही, संतापानं, ओठ आवळून. "एकोनीस घरं," ती म्हणाली. "एका घरातून तरी फोन याले पाह्यजे होता."

धर्मपाल तिच्याशेजारी बसला. फिटरची जागा गेली याचं दुःख तो कोणालाही सांगू शकला असता. पण तिनं आत्ता जे म्हटलं, तेच त्याला फेब्रुवारीपासून म्हणायचं होतं, आणि एका फोनसारख्या एवढ्याशा गोष्टीसाठी आपला जीव का तुटतो म्हणून त्याला लाज वाटत होती.